‘स्लो लर्नर्स’च्या यादीत नाव आलंय, तरी शनिवारी त्या तासाला जा

पत्र:

‘मॅडम, मी वाशिम जिल्ह्यातल्या एका खेड्यातून पुण्याला इंजिनिअरिंगला आले आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं. अकरावी-बारावीची पुस्तकं इंग्रजीत, पण सर समजावून सांगायचे मराठीतच. दहावीला मला ९१ टक्के होते. आता पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला, एम-वन म्हणजे गणिताच्या पहिल्या पेपरात शंभरपैकी ३१ आणि मेकॅनिक्सलाही केटी, म्हणजे दोन विषय राहिले. कॉलेजनं नोटीस बोर्डावर “स्लो लर्नर्स” म्हणून यादी लावली आहे आणि त्यांच्यासाठी शनिवारी जादा तास ठेवला आहे. माझं नाव पाचवं. मी एकदाही गेले नाही. रूममेटनं बाहेर क्लास लावला आहे, एका विषयाचे आठ हजार. आई दुसऱ्याच्या शेतात निंदायला जाते, तिला पैसे मागायचा धीर होत नाही. एकदा वर्गात शंका विचारली तर सर सगळ्यांसमोर म्हणाले, “मग बारावीला काय केलंस?” तेव्हापासून विचारत नाही. रात्री झोप लागत नाही. कर्ज काढून क्लास लावू, की हे सोडून गावाकडे बी.ए.ला जाऊ? – नाव छापू नका.’

उत्तर:

तुझं पत्र वाचून झाल्यावर मी ते बाजूला ठेवू शकले नाही. मी २८ वर्षं पहिल्या वर्षाच्या मुलांना गणित शिकवलं आणि तुझ्यासारख्या मुली माझ्यासमोर दरवर्षी बसत होत्या. बहुतेक जणी मागच्या बाकावर, खिडकीकडेच्या. म्हणून तुला जे सांगते आहे ते ऐकीव नाही.

आधी तुझ्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं. कर्ज काढून क्लास आत्ता लावू नकोस. आणि कॉलेज सोडायचा निर्णय एका सेमिस्टरच्या निकालावर तर अजिबात घेऊ नकोस. दोन विषय राहिले म्हणून तुझं वर्ष आज गेलेलं नाही. तुझ्या पॅटर्नमध्ये पुढच्या वर्गात जायला किती विषय राहिलेले चालतात, हे परीक्षा विभागात जाऊन नीट विचार आणि लिहून घे. मैत्रिणींच्या सांगण्यावर विसंबू नकोस, प्रत्येक बॅचचे नियम थोडे वेगळे असतात. बी.ए. करणं कमीपणाचं नाही. पण तू बी.ए.ची ओढ आहे म्हणून जात नाहीयेस, त्या नोटीस बोर्डापासून पळते आहेस.

म्हणून आता त्या बोर्डाविषयीच बोलते.

‘स्लो लर्नर’ हा शब्द तुझ्याकडे बघून कुणी ठरवलेला नाही. कॉलेजांचं मूल्यांकन करणारी ‘नॅक’ ही संस्था १९९४ पासून आहे. ‘मुलांची शिकण्याची पातळी तुम्ही कशी तपासता, आणि हळू शिकणाऱ्या व पुढे असणाऱ्या मुलांसाठी वेगळं काय करता?’ असा प्रश्न तिच्या कागदपत्रांत कॉलेजला विचारला जायचा. प्रश्न चांगलाच होता. त्याचं उत्तर द्यायचं म्हणून कॉलेजं मार्कांवरून दोन याद्या करतात, तास ठेवतात, हजेरी घेतात, फोटो काढतात आणि फाइल लावतात. फाइलमधला शब्द तसाच्या तसा उचलून बोर्डावर चिकटवायची मात्र काही गरज नव्हती. तुला तो लागला, यात तुझं काहीच चुकलेलं नाही. अठरा वर्षांच्या मुलीचं नाव अशा शब्दाखाली चारचौघांत लावणं वाईटच, आणि हे वाचणाऱ्या प्राध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे की ती यादी बोर्डावरून काढा.

मी स्वतः हे केलेलं आहे, म्हणून सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही अशीच यादी लावली होती. बावीस नावं होती, तासाला चार मुलं आली. मला वाटलं, मुलांनाच गरज नाही. पुढे एका मुलानं तिसऱ्या वर्षाला असताना सांगितलं, ‘मॅडम, मी त्या दिवशी वर्गाच्या दारापर्यंत येऊन परत गेलो होतो. आत कोण कोण बसलंय ते बाहेरून दिसत होतं.’ पुढच्या वर्षापासून मी यादी लावणं बंद केलं. दर शनिवारी दहा वाजता माझ्या वर्गात अडलेली गणितं सुटतील, ज्याला यायचं त्यानं यावं, एवढंच फळ्यावर लिहायला लागले. पहिल्याच शनिवारी जी मुलं आली त्यांत विद्यापीठात वर येणारीही होती, कारण अडतं सगळ्यांनाच.

तर तो शब्द फाइलसाठी आहे आणि तास तुझ्यासाठी. साठ-सत्तरच्या वर्गात जे शिक्षक तुझ्यापर्यंत पोहोचू शकत नाहीत, ते शनिवारी दहा-पंधरा मुलांना मिळतात. तुझी रूममेट आठ हजार मोजते ती याच गोष्टीसाठी. राज्य सरकारच्या २०२४ च्या मुलींच्या फी माफीच्या निर्णयात तू बसत असशील तर तुझी फी सरकार भरतं आहे, नसशील तर तुझ्या घरचे भरताहेत. दोन्हीकडून हा तास तुझा आहे. येत्या शनिवारी जा. पहिल्या बाकावर नको वाटलं तर दुसऱ्यावर बस, पण खिडकीकडच्या शेवटच्या बाकावर बसू नकोस.

पण जाण्याआधी एक काम कर, आणि माझ्या सगळ्या पत्रातलं हे सर्वांत महत्त्वाचं आहे. तुझ्या एम-वनच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागव. निकालानंतर त्यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो, थोडं शुल्क असतं आणि मुदत अगदी थोड्या दिवसांची असते. मुलं छायाप्रत फक्त पुनर्मूल्यांकनाला टाकायची की नाही हे ठरवण्यासाठी मागवतात. दोन-चार मार्क वाढत नाहीत असं दिसलं की कपाटात टाकून देतात. मला याचं फार वाईट वाटतं. तपासलेली उत्तरपत्रिका बघणं हा विद्यार्थ्याचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये माहितीच्या अधिकाराच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं. त्या हक्काचा खरा उपयोग मार्क वाढवण्यापेक्षा आपण नेमकं कुठे घसरलो हे बघण्यात आहे. ‘मला एम-वन येत नाही’ हे वाक्य जवळजवळ नेहमीच खोटं असतं. येत नसतं ते त्यातलं काहीतरी एक-दोन.

एक उदाहरण देते. एक मुलगी अशीच छायाप्रत घेऊन माझ्या केबिनमध्ये आली होती, लातूरकडची. म्हणाली, ‘मॅडम, मला पार्शल डिफरन्सिएशन कधीच येणार नाही.’ तिचा पेपर उघडला. यू बरोबर टॅन इन्व्हर्स, कंसात वर एक्सचा घन अधिक वायचा घन, खाली एक्स वजा वाय, असं नेहमीचं गणित. ऑयलरचं प्रमेय वापरायचं, आणि ते फक्त ‘होमोजिनियस’ फंक्शनला लागतं. तिनं ते थेट यूला लावलं होतं आणि पुढे दीड पान सुंदर अक्षरात सगळं चुकीचं. मी विचारलं, ‘होमोजिनियस म्हणजे काय?’ ती म्हणाली, ‘सगळीकडे सारखं, मिश्रणासारखं.’ तो शब्द तिला अकरावीच्या रसायनशास्त्रातून माहीत होता आणि तिथलाच अर्थ इथे घेऊन ती दोन महिने चालली होती. मी म्हटलं, ‘इथे त्याला समघाती म्हण. घातांक आठवतो ना शाळेतला? एक्सचा घन, घात तीन. वायचा घन, घात तीन. वर दोन्ही पदांचा घात सारखा. खाली?’ ‘एक.’ ‘मग डिग्री?’ ‘तीन वजा एक, दोन.’ ‘आणि ही डिग्री कशाची आहे, यूची?’ ती गप्प झाली. मग तिनंच पेन घेतलं आणि लिहिलं, टॅन यू. यू समघाती नाहीच, टॅन यू आहे. प्रमेय त्याला लावलं की चार ओळींत उत्तर साइन टू यू. बारा-पंधरा मिनिटं लागली असतील. तिला पार्शल डिफरन्सिएशन उत्तम येत होतं, एक शब्द येत नव्हता.

तुझ्याही पेपरात असं काहीतरी सापडेल असं मला वाटतं. छायाप्रत आली की शांतपणे बस. प्रत्येक प्रश्नासमोर पेन्सिलीनं लिही: सोडवलाच नाही, सुरुवातच कळली नाही, मध्ये अडलं, की आकडेमोड चुकली. पास व्हायच्या चाळीसला नऊ मार्क कमी पडले आहेत. ते नऊ कुठे गेले हे तुला तासाभरात कळेल, आणि शनिवारी तू ‘काहीच येत नाही’ म्हणत न जाता तेवढी दोन पानं घेऊन जाशील.

विचारायचं कसं, हेही सांगते, कारण हे कुणी शिकवत नाही. ‘सर, समजलं नाही’ असं वर्गात उभं राहून म्हटलं की शिक्षकालाही कळत नाही कुठून सुरू करावं, आणि दमलेला माणूस मग नको ते बोलून जातो. तुझे सर जे बोलले ते त्यांनी बोलायला नको होतं. मी त्यांची बाजू घेत नाही. पण तू तास संपल्यावर किंवा केबिनमध्ये वही घेऊन गेलीस, स्वतः सोडवलेलं दाखवलंस आणि म्हणालीस, ‘सर, तिसऱ्या पायरीपर्यंत मी आले, इथून पुढे डिग्री का बदलली ते कळत नाही,’ तर शंभरातले नव्वद शिक्षक पेन उचलतात. आम्हाला अशी वही आवडते. आणि प्रश्न मराठीत विचार. पुण्यात तुझ्या सरांना मराठी येतच असेल.

तुझ्या भाषेच्या अडचणीवर याहून थेट इलाजही आहेत. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं २०२१ पासून इंजिनिअरिंग भारतीय भाषांतून शिकवायला परवानगी दिली आणि त्यासाठी पहिल्या वर्षाची पुस्तकं मराठीतही करून घेतली. ती ‘ई-कुंभ’ या त्यांच्या पोर्टलवर फुकट उतरवून घेता येतात. परीक्षा तुला इंग्रजीतच द्यायची आहे, म्हणून इंग्रजी पुस्तक सोडायचं नाही. पण धडा आधी मराठीत वाच, मग इंग्रजीत. एक दोनशे पानी वही कर, पानाच्या मधोमध रेघ मार, डावीकडे इंग्रजी संज्ञा आणि उजवीकडे तुझ्या शब्दांत तिचा अर्थ. कोशातला शब्द सापडला तर उत्तम, नाही तर ‘प्रत्येक पदाचा घात सारखा’ असं लिही. महिन्याभरात तासाला बसल्यावर कान वेगळं ऐकायला लागतील. एनपीटीईएल या ऑनलाइन पोर्टलवरची आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत आणि त्यांतल्या काहींचा मजकूर मराठीतही मिळतो. मात्र व्हिडिओ बघणं म्हणजे अभ्यास नव्हे. एक बघितलास की तो बंद करून तेच गणित कोऱ्या कागदावर सोडव.

मेकॅनिक्सचं दुखणं बहुतेकांचं एकच असतं, फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे वस्तूवरची सगळी बलं बाणांनी दाखवायची आकृती. आकृतीत एक बाण राहिला की पुढचं सगळं गेलं. हे शिकवायला सर लागत नाहीत, दुसऱ्या वर्षातली चांगली सीनियर पुरते. तुझ्या होस्टेलवर नक्की असेल. तिला सांग, मला गणितं नको सोडवून देऊस, फक्त मी काढलेल्या वीस आकृत्या तपासून दे. सीनियर अशा कामाला नाही म्हणत नाहीत. मीही माझी थर्मोडायनॅमिक्स होस्टेलच्या जिन्यात बसून एका सीनियरकडूनच शिकले.

आता कॉलेजमधल्या एका माणसाचं नाव तुझ्या पत्रात कुठेच नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. तुझी जीएफएम कोण? पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत वीस-पंचवीस मुलांमागे एक पालक-शिक्षक नेमलेला असतो, गार्डियन फॅकल्टी मेंबर. मुलं त्यांना फक्त कमी हजेरीवाल्यांची डिफॉल्टर लिस्ट लागली की भेटतात, नाहीतर पालकांना फोन गेला की. तुझा प्रवेश शेवटच्या फेरीत झाला असेल तर सुरुवातीचा तीन आठवड्यांचा इंडक्शन कार्यक्रम तुझा बुडाला असणार. ही सगळी दारं तिथेच दाखवतात. गावाकडची मुलं उशिराच्या फेरीत येतात आणि नेमकं तेच त्यांना बघायला मिळत नाही. तुझ्या जीएफएमचं नाव शोध, भेट आणि तीन गोष्टी सांग: दोन विषय राहिलेत, झोप लागत नाही, वर्गात विचारायची भीती बसली आहे. सर जे बोलले तेही सांग. तक्रार म्हणून नव्हे, पण सांग. पुढेही तसंच चाललं तर पहिल्या वर्षाच्या समन्वयकांकडे जा. आणि तिथेही काही झालं नाही तर यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते, आणि तिच्या वर विद्यापीठाचा लोकपाल असतो. तिथपर्यंत जायची वेळ बहुधा येणार नाही, पण वाट आहे हे माहीत असलं की माणूस ताठ चालतो.

पुस्तकांचे पैसे वाचवायचे असतील तर ग्रंथालयात बुक बँक आहे का विचार. असली तर सेमिस्टरभर संच घरी नेता येतो. आणि खानावळीच्या खर्चाला हातभार लागावा असं वाटत असेल तर बाहेर दुकानात उभी राहायला जाऊ नकोस. विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना कर्मवीर भाऊराव पाटील ‘कमवा व शिका’ योजनेबद्दल विचार. पुणे विद्यापीठाशी संलग्न बऱ्याच कॉलेजांत ती चालते आणि काम कॉलेजातच, कार्यालयात किंवा ग्रंथालयात मिळतं. भाऊरावांनी १९४७ साली साताऱ्यात शिवाजी कॉलेज काढलं तेव्हा मुलं खडी फोडून, शेतात राबून शिकली. आईच्या कष्टाचं ओझं तुझ्या मनावर आहे ते मला कळतं, आणि तासा-दोन तासांच्या अशा कामानं ते थोडं हलकं होतं, हे मी माझ्या विद्यार्थ्यांत पाहिलं आहे. फक्त हे सेमिस्टर जाऊ दे. आधी ते दोन विषय.

झोपेचं मात्र हलक्यानं घेऊ नकोस. कॉलेजात समुपदेशक असतील तर भेट, त्यांना मार्क दाखवावे लागत नाहीत. नसतील किंवा रात्री फार जड वाटलं तर १४४१६ हा ‘टेली-मानस’ या मानसिक आधाराच्या हेल्पलाइनचा नंबर फिरव. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. मनात जिवाचं काही बरं-वाईट आलं तर त्याच क्षणी रूममेटला उठव आणि फोन लाव, सकाळची वाट बघू नकोस.

तुझं पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी एक गोष्ट मध्येच सांगून टाकते. कुणाला अक्षरं-आकडे उलटसुलट दिसत असतील, लिहिण्याचा वेग फारच कमी असेल किंवा दिसायला-ऐकायला अडचण असेल, तर ती आळस समजून सोसत बसू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमताही येते. सरकारी रुग्णालयातून रीतसर प्रमाणपत्र मिळालं तर लेखनिक आणि ताशी किमान वीस मिनिटं जादा वेळ मागता येतो. परीक्षेचा फॉर्म भरतानाच मागा, परीक्षेच्या आदल्या दिवशी धावाधाव करून होत नाही.

आणि तुझ्या रूममेटविषयी. तिच्या क्लासचा हेवा करू नकोस, तिला वाईटही म्हणू नकोस. रविवारी दोघी बसा. क्लासमध्ये झालेलं ती तुला सांगेल, शनिवारी सुटलेलं तू तिला सांग. समजावून सांगायला लागलं की आपल्याला किती येतं ते कळतं. एवढं सगळं करून, इन-सेमपर्यंत, म्हणजे सेमिस्टरच्या मधल्या परीक्षेपर्यंत, मनापासून शनिवारचे तास करूनही जमलं नाही तर मला पुन्हा लिही, तेव्हा क्लासचा विचार करू, आणि आईशी कसं बोलायचं त्याचाही.

आईला निकाल सांगितला नसशील तर सांग. तुझ्या पत्रात ते कुठे दिसलं नाही. जी बाई उन्हात दिवसभर वाकून निंदते तिला ३१ हा आकडा पेलतो. लपवलेलं मात्र तिला फोनवरच्या तुझ्या आवाजातून आधीच कळलं असेल.

उद्या कॉलेजला गेलीस की तासाला बसायच्या आधी परीक्षा विभागाच्या खिडकीवर जा आणि छायाप्रतीच्या अर्जाची शेवटची तारीख बघ. ती गेली असेल तर निराश होऊ नकोस, तोच पेपर घरी कोऱ्या कागदावर पुन्हा सोडव आणि तो घेऊन शनिवारी जा. तारीख असेल तर अर्ज त्याच दिवशी भर. प्रत आली की ऑयलरचं गणित होतं का आणि त्यात तू प्रमेय कशाला लावलंस, तेवढं मला नक्की कळव.